पांढऱ्या पाण्याचा फोटो

मित्रांनो, तुमच्या वहीतल्या चुका बाई लाल शाईने दाखवतात, हो ना? आज मात्र एक बाई स्वतःचीच चूक तुम्हाला सांगणार आहे. जरा अवघड काम आहे. पण त्या चुकीमुळे माझा वर्ग आणि मी इतकं काही शिकलो, की ती लपवून ठेवण्यात मजा नाही.

मी थेरगावातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. थेरगाव म्हणजे पिंपरी-चिंचवडमधलं, डांगे चौकाचं थेरगाव. गावाला लागूनच पवना नदी वाहते. पलीकडच्या काठाला चिंचवड आणि मोरया गोसावींचं मंदिर, अलीकडे आम्ही.

तर झालं काय, २०२४ च्या दिवाळीआधी वर्गात 'पाणी' हा धडा चालू होता. पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चव नसते, असं मी फळ्यावर लिहिलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर झाला. "बाई, पण टीव्हीवर ती रबरी होडी नदीतून उड्या मारत जाते ना, तिथलं पाणी तर दुधासारखं असतं. मग पाण्याला रंग नसतो असं कसं म्हणता तुम्ही?"

प्रश्न अगदी बरोबर होता. अशा नदीला इंग्रजीत 'व्हाइट वॉटर' म्हणजे 'पांढरं पाणी' असंच म्हणतात. मी लगेच उत्तर दिलं नाही. (खरं सांगायचं तर नीट उत्तर मलाही घरी जाऊन वाचावं लागलं!) त्याऐवजी आम्ही शाळेत एक स्पर्धा जाहीर केली. विषय, 'पांढऱ्या पाण्याची नदी'. स्वतः पाहिलेल्या नदीचा एक फोटो, घरच्या मोबाईलवर स्वतः काढलेला, आणि सोबत पंधरा ओळींचं लेखन. नियम एकच, पण कडक: फोटो काठावरूनच काढायचा, सोबत घरातलं मोठं माणूस हवं आणि पाण्यात पाय घालायचा नाही. त्याच वर्षी ३० जूनला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले होते. ती बातमी आमच्या मुलांनी घरोघरी पाहिली होती, त्यामुळे 'का?' असं कुणीही विचारलं नाही.

आता त्या प्रश्नाचं उत्तर ऐका. घरी खडीसाखर असेल तर एक खडा उजेडाकडे धरून बघा. काचेसारखा आरपार दिसतो. आता तोच खडा खलबत्त्यात कुटा. काय झालं? पांढरीशुभ्र पूड! साखर तीच, रंग आपण घातलेला नाही. मग पांढरा रंग आला कुठून? एका मोठ्या खड्याचे हजारो बारीक कण झाले, आणि प्रत्येक कणावर उजेड आपटून दाही दिशांना उडू लागला. सगळ्या रंगांचा उजेड सारखाच उडाला, की आपल्या डोळ्यांना तो पांढरा दिसतो. बर्फाची लादी आरपार दिसते आणि गोळेवाल्याने तीच किसली की पांढरी होते, तेही याच कारणाने.

नदीत कुटायचं काम दगड करतात. नदीला उतार मिळाला, पात्र अरुंद झालं आणि मध्ये दगडधोंडे आले, की पाणी आपटतं, उसळतं, उलटंपालटं होतं आणि जाता जाता हवा गिळतं. त्या हवेचे लाखो बुडबुडे होतात. प्रत्येक बुडबुड्यावर उजेड उडतो आणि नदी पांढरी दिसते. म्हणजे पांढरं पाणी म्हणजे पाणी आणि हवा, बस्स. तिसरं काही नाही. हे 'तिसरं काही नाही' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही गिळलेली हवा नदीच्या फार उपयोगाची असते. तिच्यातला प्राणवायू पाण्यात विरघळतो आणि मासे, खेकडे, शंखशिंपले त्यावरच श्वास घेतात. खळाळतं पाणी ताजं वाटतं ते उगाच नाही.

सुट्टी संपली आणि माझ्या टेबलावर एकतीस फोटो जमले. त्यातल्या एकात नदीच्या मागे बर्फाचे डोंगर आणि देवदारची झाडं होती. "कुठली रे ही नदी?" तर म्हणे, "ताम्हिणीची, बाई." ताम्हिणी घाटात बर्फ पडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही! तो फोटो हसत हसत परत गेला.

पण काही नोंदी खरंच छान होत्या. एका मुलीचे मामा रोह्याला राहतात. ती त्यांच्यासोबत कोलाडला जाऊन कुंडलिका नदीचा फोटो काढून आली. रायगड जिल्ह्यातल्या या कोलाडला होडीचा तो खेळ खेळायला, म्हणजे राफ्टिंग करायला, मुंबई-पुण्याहून माणसं येतात. नदीच्या सुमारे बारा किलोमीटरच्या टप्प्यात एकामागून एक खळाळ लागतात. अशा खळाळांना जगभर एक ते सहा अशा श्रेणी देतात. एक म्हणजे सोपं, हलकं पाणी. सहा म्हणजे 'जवळ जाऊ नका!' कुंडलिका दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीतली. म्हणजे पोटात गोळा येतो, पण तरबेज माणूस सोबत असला तर होडी पार होते.

या मुलीने नुसता फोटो काढला नाही, तिने मामांना एक प्रश्न विचारला. "पाऊस तर संपला, मग एवढं पाणी कुठून येतं?" आणि त्या उत्तरात तर एक अख्खी गोष्ट लपलेली आहे, बरं का.

आपल्या थेरगावच्या शेजारी वाकड आहे. वाकडवरून मुळा नदी जाते. या मुळेवर वरच्या अंगाला मुळशीचं धरण आहे. ते टाटांच्या कंपनीने वीज तयार करण्यासाठी बांधलं. आपली जमीन बुडणार म्हणून मुळशी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. धरण थांबलं नाही. गावं पाण्याखाली गेली आणि १९२७ मध्ये घाटाखाली भिरा इथलं वीजघर सुरू झालं. धरणातलं पाणी बोगद्यातून आणि मोठमोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोसळतं, तिथली चक्रं फिरवतं, वीज तयार होते आणि मग ते पाणी कुंडलिकेत सोडतात. सकाळी पाणी सुटलं की कोलाडची नदी जागी होते आणि होड्या निघतात.

कळलं का? मुळेचं पाणी एरवी वाकडवरून, पुण्यावरून, भीमेतून, कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला गेलं असतं. ते डोंगर ओलांडून उलट दिशेला, अरबी समुद्राकडे निघालंय! आपण ज्याला कोकणातल्या नदीचं पांढरं पाणी म्हणतो, ते मुळात आपल्या शेजारच्या नदीचं आहे. मी नकाशावर बोट फिरवून दाखवलं तेव्हा वर्गात एकदम "आईशप्पथ!" झालं. एरवी या शब्दावर मी डोळे वटारते. त्या दिवशी सोडून दिलं.

दुसरा फोटो निघोजचा होता. एका मुलाचं आजोळ पारनेर तालुक्यात आहे. तिथे कुकडी नदीच्या पात्रात काळ्या कातळाला मोठमोठे रांजण पडलेत. त्यांना रांजणखळगे म्हणतात. कुणी छिन्नी-हातोडा घेऊन ते केलेले नाहीत. नदीला जोर असतो तेव्हा भोवऱ्यात सापडलेला गोटा खडकावर गरगर फिरतो, फिरतो, आणि जात्यासारखा खडकाला घासत राहतो. वर्षानुवर्षं घासून आधी वाटी, मग घागर, मग रांजण! आणि तो खडक तरी केवढा जुना? आपल्या महाराष्ट्राचा हा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचा झालेला. या मुलाचा फोटो कोरड्या खडकाचा होता, त्यात पांढरं पाणी थेंबभरही नव्हतं. पण त्याने लिहिलं होतं, 'पाणी गेले आहे, पण त्याचे काम दिसते.' मी त्या ओळीखाली रेघ मारली.

आणि आता माझी चूक.

मी आधी सगळे फोटो बघितले आणि लेखन नंतर वाचायचं ठरवलं. एक फोटो हातात आला आणि मी बघतच राहिले. सकाळचं कोवळं ऊन, बंधाऱ्यावरून पडणारं पाणी, आणि खाली कापसाचे ढीग घातल्यासारखं पांढरंशुभ्र काहीतरी. अर्धी नदी त्याने झाकलेली. एका कोपऱ्यात एक बगळा, त्या पांढऱ्यापुढे तोसुद्धा मळकट दिसत होता. मी वहीत लिहून टाकलं, 'क्रमांक पहिला'. मनात म्हटलं, कोलाडपेक्षाही सुंदर ही नदी कुठली असेल बरं?

मग मागचा कागद उलटला. पंधरा ओळी हव्या होत्या, त्याने सहाच लिहिल्या होत्या. 'ही पवना आहे. हा आपला केजुबाईचा बंधारा आहे. मी आणि पप्पा सकाळी गेलो होतो. हा फेस फुटत नाही. संध्याकाळी परत गेलो तरी तिथेच होता. तिथे वास येतो पण फोटोत वास येत नाही.'

मित्रांनो, केजुबाईचा बंधारा माझ्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ आहे. बोट क्लबच्या बाजूने मी कितीदा गेले असेन! आणि मला माझीच नदी ओळखता आली नाही. उलट मी तिला पहिला नंबर देऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात दोन सारख्या बाटल्या नेल्या. दोन्हींत नळाचं पाणी अर्ध्यापर्यंत. एका बाटलीत कपडे धुण्याच्या पावडरची नुसती एक चिमूट. दोन मुलांनी दोन्ही बाटल्या दहा वेळा जोरात हलवल्या. दोन्ही पांढऱ्या! लांबून ओळखू येईना कुठली कोणती. मग आम्ही मोजायला लागलो. एक, दोन, तीन... साध्या पाण्याचे बुडबुडे लगेच फुटून गेले. दुसऱ्या बाटलीतला फेस मधली सुट्टी होईपर्यंत ऐटीत बसून होता. तुम्हीही घरी करून बघा. मात्र नंतर बाटली नीट धुवा आणि पाणी प्यायला वापरू नका.

असं का होतं? पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. बुडबुड्याभोवती पाण्याची पातळ साल तयार होते, पण कणांची ती ओढच तिला फाडून टाकते. साबणाची पावडर ही ओढ सैल करते आणि साल टिकते. आपल्या मोऱ्यांतलं, धुण्याभांड्याचं, न्हाणीचं पाणी शुद्ध न करता नदीत गेलं, की त्यातली पावडरही जाते. मग बंधाऱ्यावरून पाणी आपटलं की फेस होतो आणि तो फुटत नाही. नदीत पाणी कमी असतं तेव्हा तर तो जास्तच दिसतो. हेच ते 'तिसरं काही'! गंमत बघा, खालचं पाणी काळं असलं तरी वरचा फेस पांढराच दिसतो, कारण तिथेही उजेडाचा तोच खेळ. मात्र प्रत्येक फेस विषारीच असतो असं नाही. जंगलातल्या ओढ्याला पहिल्या पावसात कुजलेल्या पाल्यामुळे तपकिरी फेस येतो, तो निसर्गाचाच असतो.

सांडपाण्यात नुसती पावडर नसते, इतर घाणही असते. ती खायला सूक्ष्म जीव जमतात आणि खाता खाता पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात. मग माशांनी काय करायचं? कोलाडचं पांढरं पाणी माशांना श्वास देतं, आणि इथे हुबेहूब तसंच पांढरं दिसणारं पाणी तो काढून घेतं. फोटोत मात्र दोन्ही सारखी.

एका मुलीने विचारलं, "बाई, मग आपण हेच पाणी पितो?" नाही. मावळातल्या पवना धरणातून पाणी नदीत सोडतात. धरण १९७२ सालचं. महापालिका ते पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलते, निगडीला शुद्ध करते आणि आपल्या नळाला देते. रावेत आपल्या वरच्या अंगाला आहे. म्हणजे आपल्यासाठी पाणी वर उचललं जातं आणि वापरून झालेलं खाली येतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यात एकट्या महाराष्ट्रातले ५३ पट्टे होते. पवनेचा रावेत ते दापोडी हा पट्टा त्यात आहे, आणि थेरगाव याच पट्ट्यात येतं. कोलाडवाली मुलगी जरा ऐटीत आली होती. पण कुंडलिकेचंही नाव त्या यादीत आहे म्हटल्यावर ती गप्प झाली. वर खळाळणारी तीच नदी खाली समुद्राकडे जाताना मळते.

आता निकालाचा प्रश्न उरला. फेसाचा फोटो स्पर्धेत धरायचा का? वर्गात दोन तट पडले. काही म्हणाले, विषय पांढऱ्या पाण्याचा होता आणि हे पांढरं पाणी नाहीच, बाद करा. काही म्हणाले, त्याने खरं लिहिलंय, मग बाद कसं? फोटो काढणारा मात्र खाली मान घालून बसला होता. शेवटी तोच हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही स्पर्धा ठेवली तेव्हा आम्ही कोलाडला जाणार नव्हतो. मला ही एकच नदी होती."

हे ऐकून मला कसंसंच झालं. स्पर्धा लावताना हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

त्यातच एक पालक भेटायला आले. "बाई, असला फोटो शाळेत लावू नका. गावाचं नाव खराब होतं. मुलांना चांगलं काहीतरी दाखवा." त्यांचा राग मला समजत होता. आपल्या गावाला कुणी नावं ठेवलेली कुणाला आवडतात? पण फोटो काढून ठेवला म्हणून बंधाऱ्याखालचा फेस काही जाणार नव्हता. मी त्यांना मुलाची सहा ओळींची चिठ्ठी वाचायला दिली. त्यांनी दोनदा वाचली आणि "बघा बुवा" म्हणून गेले.

आम्ही पहिला नंबर कोलाडला दिला, पाणी कुठून येतं हे विचारल्याबद्दल. निघोजला दुसरा. आणि केजुबाईच्या फोटोला नंबर न देता स्नेहसंमेलनात कोलाडच्या फोटोशेजारी लावलं. खाली नावं लिहिली नाहीत, फक्त एक प्रश्न लिहिला, 'यातली आपली नदी कोणती?' पालक येत होते, बघत होते. बरेच जण चुकले. कुणी म्हणालं दोन्ही कोकणातल्या, कुणी म्हणालं दोन्ही एकच. एक आजोबा मात्र चष्मा पुसून बराच वेळ उभे राहिले आणि त्यांनी फेसाच्या फोटोवर बोट ठेवलं. "हा बंधारा. पोळ्याला आम्ही बैल धुवायला इथंच आणायचो. पोरं वरून उड्या मारायची." मग नातवाकडे वळून म्हणाले, "आता नाही हां मारायच्या."

आजोबा फेसामुळे म्हणाले असतील, पण बंधाऱ्याखाली तसाही धोका असतो. पडणारं पाणी तळाशी जाऊन मागे वळतं आणि सापडलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडे ओढतं. शिवाय हवेने भरलेल्या पाण्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही. म्हणून पांढरं पाणी लांबूनच वाचायला शिका. हो, वाचायला! पाण्यावर इंग्रजी 'व्ही'चा आकार दिसतो. त्याचं टोक प्रवाहाच्या दिशेला असेल तर तिथे मोकळी वाट असते. टोक उलट, वरच्या बाजूला असेल तर तिथे दगड दडलेला असतो. राफ्टिंगवाले असंच वाचत जातात. आणि मोठ्या दगडाच्या मागे पाणी चक्क उलटं वाहतं, तिथे होडी क्षणभर विसावा घेते.

आता शेवटचं सांगते. फोटोवाला मुलगा जूनमध्ये पाचवीत गेला. २०२५ च्या त्याच जूनमध्ये, १५ तारखेला, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. त्यामुळे आमच्या स्पर्धेच्या नियमात आणखी एक भर पडली: पाणी बघायला जुन्या, मोडकळीला आलेल्या पुलावर उभं राहायचं नाही. जुलैत नदीला भरपूर पाणी आलं. हा मुलगा वडिलांबरोबर रस्त्याच्या कडेला थांबून, लांबून, बंधाऱ्याच्या दिशेने एक फोटो काढून आला. सकाळी प्रार्थनेच्या आधीच त्याने मला गाठलं. फोटोत नदी दोन्ही काठ भरून चालली होती, दाट, चहाच्या रंगाची, आणि कापसासारखा ढीग कुठेच नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "हा फोटो अजिबात पांढरा नाहीये. यंदाच्या स्पर्धेला चालेल का?"